औषध चालू

मंगळवारी सकाळी पावणेनऊला, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, भर गर्दीत, एका जवानाने भिंगबाईंना डोळा मारला. भिंगबाई सत्तावन्न वर्षांच्या. एका हातात जेवणाचा डबा, खांद्याला पिशवी, चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात आलेला म्हणून एक पाय जरा फरपटत. अशा अवतारात आपल्याला कुणी डोळा मारेल ही शक्यता त्यांनी तीसेक वर्षांपूर्वीच गुंडाळून ठेवली होती, त्यामुळे आधी त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसता खांब होता. जवान बारा होते, पायऱ्यांच्या कडेला ओळीने बसलेले, काळे चष्मे लावलेले. हा एकटाच चष्म्याशिवाय होता, विशी-बाविशीचा, कान मोठे, आणि त्याने पुन्हा एकदा, अगदी निवांतपणे, डावा डोळा मिटला आणि उघडला. भिंगबाई वर गेल्या. जिन्याच्या वळणावर खरं तर राग यायला हवा होता, तो आला नाही. पहिल्या मजल्यावर आला तो थोडासा, आणि तोही जवानाचा नाही, आपल्याला बरं वाटतंय याचा. प्रयोगशाळेचं दार ढकलून त्यांनी डबा ठेवला, पिशवी अडकवली आणि खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. नाकावर चष्म्याचे दोन खळगे, भुवया विरळ झालेल्या. बरं आहे की, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग पांढरा कोट चढवून आपल्या खुर्चीवर बसल्या.

ती खुर्ची तेहतीस वर्षं त्यांची होती. माणसांच्या अंगातून जे काही बाहेर येतं, रक्त, थुंकी, पू, डोळ्यातला चिकटा, ते काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात काय दिसतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. खरं नाव नोकरीच्या कागदांवर होतं, बाकी सगळ्यांच्या तोंडी भिंगबाई. घरी यजमान घड्याळं दुरुस्त करत, तेही डोळ्याला भिंग लावून, त्यामुळे नाव सगळ्या घरालाच शोभत होतं. "लोक डोळ्यात तेल घालून काम करतात, आमची ही काचेवर तेल घालून करते," असं ते आल्यागेल्याला सांगत. यात गंमत इतकीच होती की सगळ्यात जोरदार भिंग वापरायचं तर काचपट्टीवर खरोखरच तेलाचा थेंब टाकावा लागतो. हा विनोद यजमानांनी लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात केला होता आणि अजून सोडला नव्हता. निवृत्तीला आता अकरा महिने राहिले होते, आणि तेवढे अकरा महिने या खुर्चीतच जावेत, एवढीच भिंगबाईंची या इस्पितळाकडून अपेक्षा उरली होती. उन्हाळ्यापर्यंत ती अपेक्षासुद्धा नव्हती, कारण तसं होणारच हे त्या धरून चालल्या होत्या.

उन्हाळ्यात भाडेकरू आला. कुणा एका रोग्याच्या नमुन्यात भिंगबाईंना बारीक, अर्धपारदर्शक, धाग्यासारखा वळवळणारा एक प्राणी दिसला. कृमीची अळी. त्यांनी तिचं नीटस चित्र काढलं, शेपटीला जरा बाक दिला, कारण शेपटीला बाक होता, आणि अहवाल लिहून मोकळ्या झाल्या. रोग्याने कृमीचं औषध घेतलं. दुपारी दुसऱ्या रोग्याच्या काचेवरही तीच अळी निघाली, तिसऱ्याच्याही, आणि साथ आली की काय म्हणून भिंगबाई जवळजवळ आनंदाने प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टर चौतीस वर्षांचे, हुशार, आणि घाई हा त्यांचा एकुलता एक आजार. त्यांनी पाहिलं, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी धुतलेली कोरी काच ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता बघा." कोऱ्या काचेवरही अळी होती. ती भिंगबाईंच्या उजव्या डोळ्याच्या आत होती, वयाबरोबर डोळ्यातल्या पाण्यात तरंगायला लागतो तसला एक धागा, ज्याला नजर जाईल तिकडे जायची हौस. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या डोळ्याचं चित्र काढून दुसऱ्याला औषध दिलं होतं. रात्री जेवताना यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, घास गिळला आणि म्हणाले, "भाडेकरू आलाय. आता तो हलायचा नाही, तूच सवय करून घे." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पण डॉक्टर हसले नव्हते. डॉक्टर अतिशय सभ्यपणे वागले, आणि तेच भिंगबाईंना लागलं. तेव्हापासून त्यांची प्रत्येक काच डॉक्टर दुसऱ्यांदा बघत, आणि पंधरा दिवसांपूर्वी दारात उभं राहून, घड्याळाकडे बघत ते म्हणाले होते, "बाई, पुन्हा असं काही झालं तर मला तुम्हाला खाली नोंदणीच्या खिडकीवर बसवावं लागेल. मनाला लावून घेऊ नका. अकरा-बारा महिन्यांचाच प्रश्न आहे." नोंदणीच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता विचारायचं आणि कागदाचा चिटोरा द्यायचा. त्यात वाईट काही नाही, असं भिंगबाईंनी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं होतं.

साडेनऊला शिपायाने ट्रे आणून ठेवला. बारा काचपट्ट्या, बारा चिठ्ठ्या, खालच्या नेत्रविभागातून आलेल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर जांभळा शिक्का: औषध चालू. हा शिक्का म्हणजे प्रयोगशाळेचा जुना रिवाज. रोगी आधीच जंतुनाशक घेत असेल तर त्याच्या नमुन्यात जंतू सापडायचे नाहीत, मग कशाला डोकेफोड करा, सरळ "काही आढळले नाही" लिहायचं आणि कागद परत पाठवायचा. सोबत पलटणीचं पत्र होतं. या जवानांना जंगलातल्या सरावाच्या काळात तापाच्या प्रतिबंधासाठी रोज जंतुनाशकाची एक गोळी दिली जाते. गोळी घेणाऱ्याचे डोळे असे येणे संभवत नाही. सबब जवानांनी गोळ्या थुंकल्या किंवा सराव टाळण्यासाठी डोळ्यात काही चोळले असा संशय आहे. तरी अभिप्राय कळवावा. भिंगबाईंनी पत्र वाचलं आणि मग चिठ्ठ्या. तिसऱ्या चिठ्ठीवर नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: डावा डोळा, उजेड सहन होत नाही, पापणी आपोआप मिटते, काळा चष्मा हरवला. म्हणजे तो डोळा मारत नव्हता. भिंगबाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हात तोंडावर दाबून हसू लागल्या, खांदे हलेपर्यंत. पंचेचाळीस मिनिटं त्या एका पापणीच्या जिवावर मजेत होत्या. मजा गेली नाही, हे विशेष. ती तिथेच राहिली, फक्त तिला कारण उरलं नाही.

तिसरी काच फार पुसट होती, एवढं निमित्त पुरलं. त्या खाली गेल्या. मोठ्या कानांचा जवान बाकावर बसला होता, डोक्यावरून रुमाल ओढून. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, पात्याने बुबुळावरून हलकेच खरवडलं, आणि भिंगबाईंनी ते ताज्या काचेवर घेतलं. थेंबाचा अंमल होता तोवर तो बोलला.

"मॅडम, खरं सांगू का? गोळी आम्ही सगळे घेतो. न घेऊन जाणार कुठे? सकाळी रांग लागते. जिभेवर गोळी, वर पाणी, मग हवालदार म्हणतात आ कर. जीभ वर, जीभ खाली, गाल बाहेर ओढून दाखव. माझे दात माझ्या आईने बघितले नसतील एवढे त्यांनी बघितलेत."

"मग डोळ्यात काय घातलंस?"

"चिखल," तो म्हणाला. "मुद्दाम नाही. तारांखालून सरपटत जायचं, तोंड चिखलातच असतं. बाहेर आलं की त्याच डबक्याच्या पाण्याने तोंड धुवायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, हे पाणी घाण आहे. तर सगळे म्हणाले, गोळी पोटात आहे ना, मग कशाला घाबरतोस. मग मीही धुतलं. नंतर नंतर तर आम्ही कौतुकाने धुवायचो."

"गोळी पोटात आणि चिखल डोळ्यात," भिंगबाई म्हणाल्या. "दोघांची भेट व्हायची कशी?"

तो हसला. हसताना पुन्हा पापणी मिटली. "तुमच्याकडच्या शिक्क्यावर काय लिहिलंय ते बघितलं मी. औषध चालू. मॅडम, औषध चालू असेल, पण डोळ्यात जे बसलंय ते त्याच्याहून चालू आहे." आणि मग जरा आवाज खाली आणून, "सुट्टी बंद करणार म्हणतात सगळ्यांची. तुम्हाला काही दिसलं तर सांगाल का?"

"दिसलं तर सांगेन," भिंगबाई म्हणाल्या, आणि जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं की एवढं साधं वाक्य बोलायला आपल्याला आता धीर लागतो.

रंगवायचं तर साध्या रंगाने दहा मिनिटांत होतं. पण औषध घेणाऱ्या बारा जणांचे डोळे एकाच डबक्यानंतर येतात, आणि औषध त्यांना हातही लावत नाही, तर ते औषधाच्या आवाक्यातलं नसणारच, असं भिंगबाईंच्या डोक्यात जिन्याच्या वळणावरच आलं होतं. जंतू नव्हेत, दुसरंच काही, दुसऱ्याच्या पेशीत शिरून फुकट राहणारं. त्याला दुसरा रंग लागतो, जुना, कपाटातल्या मागच्या रांगेतला, स्वतः घोटून ठेवलेला, आणि त्यात काच दीड तास उभी राहते. इतका वेळ आता कुणी कशाला देत नाही. त्यांनी तिसऱ्या चिठ्ठीची ताजी काच रंगात सोडली, घड्याळ लावलं आणि डबा उघडला. जेवताना त्यांना स्वतःची अठराव्या वर्षीची पहिली काच आठवली. कांद्याची साल होती. वर्गातल्या सगळ्या मुलींनी विटांच्या भिंतीसारख्या पेशी काढल्या आणि यांनी काढली काळी, वाकडी, टोकदार गवताची पाती, एकशेएक. शिकवणाऱ्या बाईंनी चित्र बघितलं, यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या तुझ्या पापण्या आहेत गं. डोळा जरा मागे घे." घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, एवढं जवळून बघू नये कशाकडे, आपलंच काहीतरी मध्ये येतं. आईला सूक्ष्मदर्शक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ती बहुधा शेजारणीबद्दल बोलत होती. तेव्हा पापण्या, आता भाडेकरू. मधली सगळी वर्षं मात्र निर्मळ गेली, असं म्हणून भिंगबाईंनी डब्याचं झाकण लावलं. कितीतरी सकाळी त्या या खुर्चीत बसून एकट्याच आनंदात असत आणि ते कुणाला सांगता येत नसे. रक्तातल्या पेशींची गुलाबी गर्दी, पुवातसुद्धा कधीकधी जांभळ्या रंगाची अशी छटा की तशा रंगाची साडी त्यांनी दुकानांत शोधली होती. माणसं आजारी असतात आणि आपल्याला छान दिसतं, याची त्यांना सुरुवातीला लाज वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

घड्याळ वाजलं. काच धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला, आणि भिंगबाई वाकल्या. आधी निळंहिरवं धूसर पाणी दिसलं. त्यातून भाडेकरू गेला, नेहमीसारखा, घरच्यासारखा. त्यांनी बारीक चाकाला बोट टेकवलं. धूसरपणा एका बाजूला सरला आणि ते आले. आधी तीन, मग दहा, मग एका फुगलेल्या पेशीत दाटीवाटीने भरलेले, लालसर गुलाबी, हजार पट मोठे करूनही जेमतेम तांदळाच्या कणीएवढे, लांबट, गोलसर टोकांचे, आणि प्रत्येकाच्या मधोमध, आडवा, एक गडद पट्टा. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला गेल्या असताना एका म्हाताऱ्या मास्तरांनी लाकडी पेटीतून एकच काच काढून सगळ्यांना ओळीने दाखवली होती आणि बजावलं होतं, डोळे भरून बघून घ्या, तुमच्या नोकरीत बहुधा पुन्हा दिसायचे नाहीत. त्यांच्या वाट्याला तेव्हा अर्धं मिनिट आलं होतं. आज मात्र सगळी दुपार त्यांची होती. त्यांनी काच डावीकडे सरकवली. पट्टेवाले काचेबरोबर सरकले. नजर उजवीकडे नेली. भाडेकरू नजरेबरोबर गेला, पट्टेवाले जागेवर. उजवा डोळा मिटला, डाव्याने बघितलं, होते. कोरी काच ठेवली. भाडेकरू एकटाच फिरत होता. पुन्हा तिसरी काच ठेवली. आहेत, सगळे, हजेरीला उभे राहिल्यासारखे पट्टे आवळून. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दिसेनासं होईल म्हणून घाईघाईने पदराने टिपलं.

पण खात्री तर त्यांना उन्हाळ्यातही होती. तेव्हाही चित्र काढलं होतं, शेपटीच्या बाकासकट. खात्रीला काय, ती चुकीच्या गोष्टीचीही तितकीच घट्ट असते. समोर बारा चिठ्ठ्या, बारा शिक्के. "काही आढळले नाही" असं बारा वेळा लिहिलं की झालं; रिवाजाप्रमाणेच होतं ते, कुणी बोट दाखवलं नसतं, आणि हे पट्टेवाले चार-सहा आठवड्यांत बहुतेक आपले आपण निघूनही जातात, मास्तरांनी सांगितलं होतं. जवानांचे डोळे बरे होतील. सुट्ट्या जातील, पण सुट्ट्या काय, पुन्हा मिळतात. अकरा महिने मिळत नाहीत. भिंगबाईंनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी अजून, अजून, म्हणत होतं. त्यांनी पहिली चिठ्ठी ओढली, "काही" एवढं लिहिलं आणि थांबल्या. त्या थांबल्या ते कर्तव्य आठवून नव्हे, हे त्यांनी पुढे यजमानांपाशी कबूल केलं. सुट्ट्यांचं, शिस्तीचं, मोठ्या कानांचं, सगळं नंतर आठवलं. त्या थांबल्या कारण एवढी देखणी गोष्ट समोर असताना "काही नाही" लिहायला हात धजेना, आणि ती एकटीनेच बघून पुसून टाकायची हे त्यांना मुळीच सहन होईना. त्यांनी त्या "काही"वर काट मारली आणि दार उघडून हाक दिली, "डॉक्टर, जरा येता?"

डॉक्टर आले, एका हातात दुसरेच कागद. ट्रेकडे बघून म्हणाले, "हे ते पलटणीचे ना? शिक्का आहे की त्यांच्यावर. लिहून टाका, मी सही करतो."

"एक काच बघा."

"काय आहे?"

भिंगबाईंच्या जिभेवर पट्टा आला होता, गुलाबी आला होता, बावीस वर्षांपूर्वीचे मास्तर आले होते. त्यांनी सगळं गिळलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मी सांगणार नाही. तुम्हीच बघा."

डॉक्टर खुर्चीत बसले. भिंगबाई पाठीमागे उभ्या राहिल्या. स्वतःच्या खुर्चीच्या मागे उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. पाठीच्या कापडाला मधोमध एवढं भोक पडलंय हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. डॉक्टरांनी चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, उन्हाळ्यातल्या त्याच सभ्य आवाजात, "मला काही दिसत नाहीये. सगळं निळंच आहे."

भिंगबाईंना पुढचे अकरा महिने दिसले. नोंदणीची खिडकी, तिच्या कडेला टाचणीने अडकवलेले चिटोरे, नाव, वय, पत्ता. तरी त्यांची नजर डॉक्टरांच्या बोटांवर गेली. बारीक चाक ते मोटारीचं चाक वळवावं तसं वळवत होते.

"तुम्ही त्यांच्यावरून निघून जाताय," त्या म्हणाल्या. "चाक फिरवू नका. बोट नुसतं टेकवा आणि थांबा. आणखी हळू."

डॉक्टर थांबले. खोलीत फ्रीजची घरघर ऐकू येत होती. भिंगबाईंनी आकडे मोजायला सुरुवात केली आणि कितीपर्यंत आले ते विसरल्या.

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले, खरं तर कुणीच हललं नव्हतं. "हे गुलाबी. पेशीच्या आत आहेत. बाई, यांच्या कमरेला पट्टा आहे का?"

पट्ट्याचं त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. भिंगबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांना इतका आनंद झाला की तो ठेवायला जागा सापडेना. त्यांनी नुसतं "आहे" म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यांदा की बाहेरून शिपाई डोकावून गेला.

"मायक्रोस्पोरिडिया," डॉक्टर डोळा न काढता म्हणाले. "मी फक्त पुस्तकात बघितलेत. हे जंतूंच्या औषधाला दादच देत नाहीत. रोज गोळी घेतली काय आणि न घेतली काय."

"घेतात ती रोज. आ करून, गाल ओढून दाखवतात."

"मग पलटणीला तसं लिहायला हवं. आणि तो शिक्का..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं, कारण त्यांनी काच जराशी सरकवली होती आणि तिथे आणखी एक पेशी होती, पहिलीहून भरलेली. ते "अरे वा" म्हणाले. हातातले दुसरे कागद केव्हाच जमिनीवर पडले होते. पाच मिनिटं झाली, सात झाली. घाईचा माणूस, पण मान वर काढेना. उन्हाळ्यापासून भिंगबाईंची प्रत्येक काच त्यांनी दुसऱ्यांदा बघितली होती, आणि इतका वेळ एकीलाही दिला नव्हता. मग, डोळा तसाच भिंगाला लावून, त्यांनी आंधळ्यासारखा हात ट्रेकडे लांबवला आणि म्हणाले, "दुसरी द्या बघू. यांनाही तुमच्या त्या रंगात टाकू. सगळ्या मीच बघून टाकतो."

भिंगबाईंनी ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.

"उठा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "उरलेल्या अकरा माझ्या आहेत. मी बघेन, मग तुम्हाला दाखवेन."

डॉक्टरांनी मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता आणि चेहरा शाळेतल्या मुलासारखा उजळला होता. ते उठले, खाली पडलेले कागद ओलांडून बाजूला झाले, आणि त्या बसेपर्यंत खुर्ची त्यांच्यासाठी धरून उभे राहिले.